तीन वैद्यनाथांच्या वाटेवर

हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात, धौलाधार पर्वतरांगेच्या पायथ्याशी, बैजनाथ नावाचे गाव आहे. विजयादशमीच्या संध्याकाळी अवघ्या उत्तर भारतात रावणाचे पुतळे धडाधड पेटत असतात, तेव्हा या गावात एकही पुतळा उभा राहत नाही. मेळा नाही, फटाके नाहीत, दुकाने रोजच्यासारखी उघडी. रावण हा शिवाचा परमभक्त. त्याने आपली मस्तके अर्पण केली आणि शिवाने ती पुन्हा जोडून दिली, म्हणून येथला शिव वैद्य झाला, अशी गावाची श्रद्धा आहे. ज्या देवाच्या दारात भक्ताचे शिर सांधले गेले, त्याच दारात त्या भक्ताला जाळायचे कसे, असा गावकऱ्यांचा साधा प्रश्न असतो. पूर्वी कोणी उत्साहाच्या भरात पुतळा जाळला आणि त्याच्यावर आपत्ती कोसळली, अशीही आठवण सांगितली जाते. गावात सोनाराचे दुकान चालत नाही ही आणखी एक समजूत. तिचा धागा सोन्याच्या लंकेशी नेऊन भिडवतात.

परळी वैजनाथहून निघून शेकडो कोसांचा रस्ता तुडवत येथवर आलेल्या यात्रेकरूला पहिले नवल वाटते ते गावाच्या नावाचे. दुसरे नवल कथेचे. कारण हीच कथा तो लहानपणापासून आपल्या गावी ऐकत आलेला असतो. रावण कैलासावरून लिंग घेऊन निघाला, वाटेत ते भूमीवर टेकले आणि पुन्हा उचलले गेले नाही. परळीत समुद्रमंथनातील अमृताची आणि धन्वंतरीची कथाही सांगतात, पण रावणाची कथा मागे पडलेली नाही. झारखंडातील देवघरचा वैद्यनाथही हीच कथा सांगतो. तिकडे समुद्राकाठी गोकर्णातही तीच. एका रावणाने एका प्रवासात चार ठिकाणी लिंग कसे ठेवले, असा कुत्सित प्रश्न विचारणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी बैजनाथच्या पायरीवर तासभर बसून पाहावे.

हे मंदिर राजाने बांधलेले नाही. मन्युक आणि आहुक या दोन व्यापारी बंधूंनी शके ११२६ मध्ये, म्हणजे इ.स. १२०४ मध्ये ते उभारले, असे तेथील शारदा लिपीतील शिलालेख सांगतात. गावाचे तेव्हाचे नाव कीरग्राम. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने कांगड्यातील वज्रेश्वरीचे प्राचीन मंदिर जमीनदोस्त केले. बैजनाथला तडे गेले, पण ते उभे राहिले. व्यापारधंद्यात मिळवलेले धन देवाच्या घरासाठी वेचणारे हे दोघे भाऊ आणि परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्यादेवी होळकर यांच्यात साडेपाचशे वर्षांचे अंतर आहे. चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या या लोकमातेने काशीपासून केदारखंडापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली. तिच्या जन्मगावाहून परळी फार दूर नाही. परळीचा यात्रेकरू उत्तरेत जिथे जिथे पाठ टेकायला जाईल, तिथे बहुधा त्याच्या शेजारघरच्या बाईने कधीतरी विसाव्याची सोय करून ठेवलेली असते.

मात्र परळीकराच्या मनात एक सल असतो. बारा ज्योतिर्लिंगांतला वैद्यनाथ कोणता, या प्रश्नावर एका स्तोत्राच्या पाठात परळीचे नाव येते, दुसऱ्या पाठानुसार बोट देवघरकडे जाते, आणि बाहेरचा माणूस सरसकट देवघर सांगून मोकळा होतो. यादीत आपले नाव आहे की नाही, हे पाहण्याची सवय आपल्या समाजाला अलीकडे जडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारने महाशिवरात्रीच्या निमित्ताने दिलेल्या जाहिरातीत भीमाशंकर ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळच्या डाकिनी टेकडीवर असल्याचे म्हटले, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! पुराणातील भूगोल महसुली नकाशासारखा वाचला की असेच व्हायचे. शिवाचे स्थान सातबाऱ्यावर चढवायचे नसते. कांगड्याच्या माणसाला वाटले की कैलासावरून निघालेला देव आपल्या दारी थांबला. बालाघाटाच्या कुशीतल्या माणसालाही तेच वाटले. संथाळ परगण्यातल्या माणसालाही. तिघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. तिघांच्या मनात तोच देव, तोच भक्त आणि तीच चूक कशी आली, याचे उत्तर भारताला केवळ इंग्रजांनी बांधलेले गाठोडे समजणाऱ्यांनी अद्याप दिलेले नाही.

ही माणसे रस्त्याने जोडली गेली होती, हे त्याचे साधे कारण. परळीपासून फार लांब नसलेल्या नरसीत जन्मलेले संत नामदेव पंजाबात गेले, ते तेथेच अनेक वर्षे राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्यांचे गाव झाले. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा कित्येक मराठी साहित्यिकांना या गावाचा पत्ता प्रथमच शोधावा लागला. तेथल्या शेतकऱ्याला मात्र ‘बाबा नामदेवजी’ कुठले हे विचारावे लागत नाही. परळीत ज्यांची समाधी आहे, ते जगमित्र नागा नामदेवांच्याच काळातले. एक घरी राहिला, एक निघाला. निघालेल्याला तीन पिढ्यांत परका म्हणून कोणी परत पाठवले नाही.

कांगड्याहून पुढे मंडी, आणि मंडीहून बियास नदीच्या काठाकाठाने वर चढत गेले की कुलू. येथे गंमत पुन्हा उलटी. बैजनाथ दसरा पाळत नाही आणि जेमतेम एका दिवसाच्या वाटेवरचे कुलू साऱ्या देशाचा दसरा संपतो त्या दिवशी तो सुरू करते. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने अयोध्येहून आणवलेली रघुनाथाची मूर्ती रथात बसते, खोऱ्यातील खेड्यापाड्यांची दैवते पालख्यांतून तिच्या भेटीला येतात, आणि सात दिवस ढालपूर मैदानात देवांचे संमेलन चालते. तेथेही मैदानांतल्यासारखा रावणाचा पुतळा नसतो. शेवटच्या दिवशी नदीकाठी लंकादहन होते तेवढेच. विजयादशमीला सीमोल्लंघन करणाऱ्या आणि १९२५ च्या त्या दिवशी नागपुरात पेरलेल्या बीजाचा वृक्ष पाहणाऱ्या वाचकाला एका सणाची ही दोन टोके विचारात पाडतील. कुलूचा माणूस बैजनाथला नास्तिक म्हणत नाही. बैजनाथचा माणूस कुलूवर बहिष्कार टाकत नाही. दोन्ही गावांत रामनाम आहे आणि दोन्ही गावांत शिवरात्र आहे. हिंदू समाजाची एकात्मता एकसाच्यातून निघालेली असावी, असा हट्ट आपल्यापैकीही काही कार्यकर्ते कधी कधी धरतात. त्यांना या रस्त्यावरून एकदा न्यावे.

मनालीच्या वर, रोहतांगच्या पलीकडे, लाहौलची भूमी लागते. झाडे विरळ होतात, डोंगर उघडे पडतात, घरांची छपरे सपाट होतात. येथल्या पट्टन खोऱ्यात चंद्रभागेच्या काठी उंचावर त्रिलोकनाथाचे मंदिर आहे. चंद्रभागा हे नाव ऐकताच मराठी माणूस हात जोडतो. पंढरीच्या नावाची ही नदी पुढे चिनाब म्हणून ओळखली जाते हे त्याला मागाहून कळते. मंदिरात शुभ्र संगमरवराची एकच मूर्ती. हिंदू तिला शिव म्हणून पूजतो, बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून. दोघांसाठी दोन गाभारे नाहीत, दोन वेळापत्रके नाहीत. परळी हे हरी आणि हर यांच्या मीलनाचे स्थान मानले जाते. तेथील हरिहर तीर्थ त्याचीच खूण. परळीच्या गाभाऱ्यात जात वा स्त्री-पुरुष असा भेद न करता भाविक लिंगाला स्पर्श करू शकतो, याचाही परळीकराला रास्त अभिमान असतो. त्याला त्रिलोकनाथात काही समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते विद्यापीठांतल्या चर्चासत्रांत.

लाहौल पूर्वी वर्षातील सहा महिने जगापासून तुटत असे. रोहतांगवर बर्फ पडले की आजारी माणसाला देवच वाली. या दुःखाची कहाणी दिल्लीच्या कानांवर घालणाऱ्यांत टशी दावा ऊर्फ अर्जुन गोपाल नावाचे लाहौली गृहस्थ होते. १९४२ च्या सुमारास बडोद्याच्या संघ शिक्षा वर्गात त्यांची आणि अटलबिहारी वाजपेयींची ओळख झाली होती, असे सांगतात. अटलजी पंतप्रधान झाल्यावर १९९८ मध्ये हा जुना सहकारी दिल्लीस जाऊन भेटला, आणि बोगदा मागितला. स्वतःसाठी काही मागायची ती वेळ होती. माणसाने खोऱ्यासाठी रस्ता मागितला. जून २००० मध्ये निर्णय जाहीर झाला, मे २००२ मध्ये दक्षिण मुखाकडे जाणाऱ्या रस्त्याची कोनशिला बसली, प्रत्यक्ष बोगद्याचे काम २०१० मध्ये सुरू झाले. सेरी नाल्याखालचा अवघा ५८७ मीटरचा ठिसूळ, पाझरता टप्पा पार करण्यास जवळपास चार वर्षे लागली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा राष्ट्राला अर्पण झाला. मनाली ते लेह अंतर ४६ किलोमीटरने घटले. अर्जुन गोपाल तो दिवस पाहायला नव्हते.

पर्यटकाची गाडी आता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाते. पलीकडे जाऊन तो छायाचित्र काढतो, चहा पितो, परततो. रस्त्याच्या कडेला सीमा रस्ते संघटनेने लावलेले गमतीदार यमकांचे फलक तो वाचतो आणि हसतो. फलकाखाली गिट्टी फोडत बसलेल्या माणसाकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही.

हा माणूस पहाडी नसतो. तोंडावर रुमाल बांधलेला, अंगात कोणाचा तरी जुना कोट, पायांत रबरी बूट. विचारले तर तो दुमका म्हणतो. लाहौल, लडाख आणि त्यापुढच्या सीमाभागातील रस्त्यांवर झारखंडातील संथाळ परगण्याचा मजूर पिढ्यान्‌पिढ्या खपतो आहे. दुमका म्हणजे देवघरच्या शेजारचा जिल्हा. श्रावणात सुलतानगंजहून गंगेची कावड शंभराहून अधिक किलोमीटर चालत देवघरच्या वैद्यनाथाला आणली की भाविक पुढे दुमका जिल्ह्यातील बासुकीनाथाला जातो. त्यावाचून यात्रा पुरी झाली असे मानत नाहीत. तेव्हा हिशेब असा झाला. परळीच्या वैद्यनाथाचा भक्त बैजनाथच्या वैद्यनाथाचे दर्शन घेऊन ज्या रस्त्याने पुढे गेला, तो रस्ता देवघरच्या वैद्यनाथाच्या शेजाऱ्याने फोडला आणि राखला. तीन वैद्यनाथांचा वाद कोणा शंकराचार्यांसमोर नेण्याचे कारण उरत नाही. त्याचा निकाल दहा हजार फुटांवर, डांबराची पिंपे कापून केलेल्या पत्र्याच्या झोपडीत लागलेला आहे.

पण निकाल लागला म्हणून न्याय झाला असे नाही. या मजुरांना गावागावांतून गोळा करणारा मध्यस्थ असतो. त्याला मेट म्हणतात. मजुरीतून त्याचा वाटा कापला जातो, ही तक्रार अनेक वर्षांची. मे २०२० मध्ये टाळेबंदीत लडाखात अडकलेले साठ मजूर विमानाने रांचीस आणले गेले, तेव्हा ही माणसे तिकडे असतात हेच देशातील पुष्कळांना प्रथम कळले. त्याच वर्षी झारखंड सरकार आणि सीमा रस्ते संघटना यांच्यात बोलणी होऊन मजुरी थेट बँक खात्यात जमा व्हावी, मजुरांची नोंदणी व्हावी, असे ठरले. जून २०२० च्या मध्यास, गलवानमध्ये आपले वीस जवान धारातीर्थी पडले त्याच सुमारास, दुमक्याहून विशेष रेल्वेगाडीने दीड हजारांहून अधिक मजूर लडाखच्या रस्त्यांकडे निघाले होते. सैनिकांच्या तुकड्या आणि तोफा ज्या रस्त्यांवरून वर गेल्या, ते यांचे. हुतात्म्यांना आपण विसरत नाही, विसरूही नये. दरडीखाली गेलेल्या मजुराचे नाव मात्र त्याच्या गावाबाहेर कोणाच्या ओठी येत नाही.

परळीच्या वाचकाला मेट हा शब्द नवा असेल. माणूस नवा नाही. बीड जिल्ह्यात त्याला मुकादम म्हणतात. उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतात, आणि तो कोयता दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात जाऊन पडतो. मागे उरतात म्हातारी माणसे, एखादे शाळकरी पोर आणि कुलूप लावलेली घरे. गाव रिकामे होणे म्हणजे काय हे बीडला सांगावे लागत नाही. लाहौलची कित्येक कुटुंबेही हिवाळ्यात कुलूकडे उतरत आली आहेत. पण तेथे निसर्ग माणसाला हाकलतो, आणि कुटुंब हाकलले जाते ते दुसऱ्या घरी. येथे उचलीचा आकडा हाकलतो, आणि कुटुंब जाते पाचटाच्या खोपीत. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले. परळी तालुक्यातीलच नाथऱ्यात जन्मलेल्या आणि आयुष्यभर या कामगाराची बाजू मांडलेल्या नेत्याचे नाव त्याला लाभले हे योग्यच. नावाला शोभेल एवढे काम फडापर्यंत पोहोचायचे आहे.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांना उत्तरेच्या यात्रेचे वेड लागले आहे, ते चांगलेच आहे. वर्षभर साठवलेल्या पैशांतून आई-वडिलांना बदरीकेदार घडवणारा मुलगा आजही परळीत, अंबाजोगाईत घरोघरी सापडतो. पण यात्रा म्हणजे शेवटच्या देवळापाशी पोहोचणे, एवढाच तिचा अर्थ आपण करून घेतला. मधला देश गाडीच्या काचेबाहेर राहतो. किन्नौरच्या छितकुलमध्ये ‘हिंदुस्थान का आखिरी ढाबा’ अशी पाटी आहे. तिच्याखाली छायाचित्र काढण्यासाठी रांग लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये बदरीनाथजवळच्या माणा गावी पंतप्रधान गेले, तेव्हा हे देशाचे शेवटचे नव्हे तर पहिले गाव आहे, हा विचार त्यांनी उचलून धरला, आणि यात्रेकरूंनी आपल्या प्रवासखर्चातील पाच टक्के रक्कम स्थानिक वस्तूंवर खर्च करावी असे आवाहन केले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ४८०० कोटी रुपयांचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर झाला. पहिल्या टप्प्यात ६६३ सीमावर्ती गावे. सरकारचे काम सरकार करील, कमी-अधिक करील. पाच टक्क्यांचा हिशेब मात्र प्रवाशाच्याच खिशात आहे. मुक्कामाचे मनालीतील हॉटेल सोडून लाहौलच्या एखाद्या घरात एक रात्र काढायला, तेथला वाटाणा-बटाटा विकत घ्यायला, रस्त्यावरच्या मजुराशी चार शब्द बोलायला कोणत्या योजनेची मंजुरी लागते? घरून नेलेला लाडू-चिवड्याचा डबा परत येईपर्यंत पुरवायचा आणि प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या तेथे ठेवून यायच्या, ही आपल्या मंडळींची रीत देवभूमीला फार जड जाते आहे.

किन्नौरचेच श्यामसरण नेगी १९५१ च्या ऑक्टोबरात मतदान करून स्वतंत्र भारताचे पहिले मतदार ठरले, कारण बाकीच्या देशाच्या तारखेपर्यंत तेथे बर्फ थांबले नसते. २ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी अखेरचे मत दिले आणि तीन दिवसांनी देह ठेवला. शेवटच्या गावातला पहिला मतदार! ढाब्याच्या पाटीखाली उभे राहणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या कल्पा गावात थांबले असतील?

आश्विन सरत येतो तसे लाहौलच्या माथ्यांवर पहिले बर्फ दिसू लागते. वरच्या खिंडी बंद होण्याच्या आत दुमक्याचे मजूर वळकट्या बांधून ट्रकमधून खाली उतरतात. कोणाच्या हातात गावी न्यायची नवी घोंगडी असते, कोणाच्या हातात पोरासाठी घेतलेले खेळणे. कुलूत देवांच्या पालख्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतात. बैजनाथची दुकाने रोजच्यासारखी उघडी असतात. आणि परळीच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरल्या जात असतात. भांडी, बाजरीचे पोते, पत्र्याची पेटी, दोन शेळ्या, वर बसवलेली लेकरे. निघण्यापूर्वी त्यातली काही माणसे वैद्यनाथाच्या पायऱ्या चढतात, लिंगाला हात लावतात आणि उतरून ट्रॉलीत बसतात.